टायरवाल्याच्या डिकीतलं खोकं

सकाळच्या वेळी आमच्या घरात दोन यंत्रं चालतात. एक माझा मिक्सर. दुसरं खालच्या गॅरेजमध्ये असतं. ते स्वयंपाकघरातून दिसत नाही, पण मांडणीवरच्या थाळ्या एकमेकींच्या कानात कुजबुजायला लागल्या की समजायचं, भाऊजी कामाला लागले. पाठोपाठ चहाच्या कपात गोल लाटा उठतात. पाहुणे दचकतात. आम्ही लाट ओसरली की घोट घेतो, इतकंच.

त्या दिवशी मिक्सर थांबवला तेव्हा लक्षात आलं, की मागच्या दारावर कुणीतरी टकटक करतंय आणि बहुधा बराच वेळ करतंय. दार उघडलं तर भाऊजी. केसांत लाकडाचा भुसा, एका भुवईवर वाळलेल्या फायबरचा ठिपका, काखेत गुंडाळलेलं प्लास्टिक.

"वहिनी, तांदूळ हवे होते."

"किती?"

"सगळे."

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. गाड्यांच्या डिकीत वूफर बसवायचे बॉक्स बनवतात. आमचे हे, म्हणजे त्यांचे मोठे भाऊ, कुणी विचारलं की "तो साउंडमध्ये आहे" असं सांगून घाईघाईने विषय बदलतात. सासूबाई "खोकी करतो" म्हणतात आणि विषय बदलत नाहीत. ज्या माणसाने गावभरच्या गाड्या हादरवल्या त्याच्याकडे स्वतःची गाडी नाही. सायकल आहे, आणि तिची घंटीसुद्धा वाजत नाही.

या धंद्याचा उगम आमच्याच घरात झाला, असं सासूबाई सांगतात, तेही अभिमानाने नव्हे. शाळेत असताना भाऊजींनी एक जुना स्पीकर साखरेच्या डब्यात ठेवून पाहिला. डब्याला झाकण लावलं की आवाज वेगळा, काढलं की वेगळा, झाकणाला भोक पाडलं की तिसराच. हा शोध लागला तेव्हा घरातले बाकीचे लोक साखर शोधत होते. पुढे त्यांनी शिक्षण घेतलं, नोकरी धरली, नोकरी सोडली, आणि गॅरेजमध्ये करवत लावली. पण मुळात आजही ते झाकणाचाच विचार करत असतात.

मला इतक्या वर्षांत जे समजलं ते असं. वूफर नुसता हातात धरून वाजवला तर त्याचा आवाज केविलवाणा येतो, खरा आवाज खोक्यातून येतो. खोकं चारी बाजूंनी बंद असेल तर आतली कोंडलेली हवा वूफरला उशीसारखी मागे रेटते. थाप पडते, वाजते आणि संपते. पुढच्या थापेला जागा मोकळी मिळते. खोक्याला नळी बसवली तर मात्र आतली हवा नळीतून बाहेर पडते आणि एका ठरावीक सुरावर वूफरच्या गळ्यात गळा घालते. त्या सुरावर आवाज जोरात फुगतो. बाकीच्या सुरांनी आपापलं बघावं. खोकं केवढं आणि नळी केवढी, यावर तो लाडका सूर ठरतो. तो पुरेसा खाली, अगदी तळाशी नेऊन बसवला तर नळीचं खोकंही छान गातं, असं भाऊजी म्हणतात. पण तसं खोकं मागायला कुणी येत नाही, असंही लगेच म्हणतात.

सुरुवातीला ते बंद खोकी करायचे. गिऱ्हाईक गाडीत बसायचं, गाणं ऐकायचं, आणि थोड्या वेळाने नम्रपणे विचारायचं, "चालू झालं का?" एकजण तर आठवड्याने खोकं परत घेऊन आला. तक्रार अशी, की शेजाऱ्यांपैकी कुणीच तक्रार केली नाही. दुसऱ्याला आरसा हलायला हवा होता. तिसऱ्याने स्पष्टच सांगितलं की गाणं त्याला फोनवरही ऐकता येतं, गाडीत त्याला छातीवर गुद्दा हवा. भाऊजींनी या सर्वांना आधी समजावून पाहिलं, मग चहा पाजून पाहिला, शेवटी नळ्यांचं सामान विकत आणलं. तेव्हापासून धंदा बरा चालला आणि आमच्या थाळ्या बोलायला लागल्या.

मी अधूनमधून जिन्यावरून ओरडून विनंती करायचे, की भाऊजी, फोनवर बोलतेय, पाच मिनिटं बंद ठेवा. खालून उत्तर यायचं, टेस्टिंग चालू आहे. मग मी फोनवरच्या माणसाला सांगायचे, आमच्याकडे टेस्टिंग चालू आहे. माझ्या माहेरचे लोक बरीच वर्षं समजत होते की आमच्या घरात कुणीतरी आजारी आहे.

तर, तांदूळ. टायरच्या दुकानाच्या मालकाने आपल्या गाडीसाठी नवा बॉक्स सांगितला होता. डिकीच्या कोपऱ्यात, चाकाच्या फुगवट्याला लपेटून बसेल असा. असलं वेडंवाकडं खोकं फायबरचे थर चढवून करावं लागतं आणि त्याची आतली जागा टेपने मोजता येत नाही. म्हणून खोक्याला आतून प्लास्टिकचं अस्तर लावायचं, मापाने धान्य ओतायचं, आणि किती मापं मावली त्यावरून हिशेब करून नळी कापायची. जगभर असंच करतात म्हणे. जगभरच्या वहिनींबद्दल मला सहानुभूती आहे.

हा बॉक्स नेहमीसारखा नव्हता. येत्या रविवारी मैदानावर गाड्यांच्या आवाजाची स्पर्धा होती आणि टायरवाल्याला ती जिंकायची होती. गाड्यांच्या सामानाच्या मोठ्या शोरूमचे मालक परीक्षकांशेजारी बसणार होते. त्यांनी भाऊजींना शब्द दिला होता, की तुमचं खोकं पहिलं आलं तर यापुढे शोरूमची सगळी खोकी तुमच्याकडून. ही गोष्ट महत्त्वाची होती, कारण आमच्या ह्यांनी नवी गाडी बुक केली होती. ती येत्या महिन्यात एखाद्या जावयासारखी येणार होती आणि तिला उन्हात उभं करणं ह्यांना सहन होणार नव्हतं. गॅरेज एकच. तेव्हा ह्यांनी जेवताना, भाजी वाढून घेत, अगदी प्रेमाने सांगितलं होतं: शोरूमचं कायमचं काम मिळालं तर गॅरेज तुझं, मी गाडीला बाहेर पत्र्याची शेड घालतो. नाही मिळालं तर करवत विकायची आणि माझ्या मित्राच्या ऑफिसात टेबल रिकामं आहे तिथे बसायचं. भाऊजींनी त्यावर एवढंच विचारलं होतं, की नव्या गाडीत छोटासा बंद बॉक्स लावू का? डिकी सामानासाठी असते, असं उत्तर मिळालं. त्यानंतर हे दोनदा टेप घेऊन गॅरेज मोजून आले. आमच्या घरात मोजमापाची आवड आनुवंशिक आहे.

माप म्हणून भाऊजींनी सासूबाईंचं पितळी माप घेतलं. त्यात नेमकं किती मावतं हे त्यांनी आधी पाणी भरून ठरवलं. नळाखाली धरलं, कडेला डोळा लावला, शेवटचे थेंब सुईच्या पिचकारीने सोडले. एवढ्या काळजीने आमच्याकडे कुणी कधी औषधही घेतलं नसेल. मग ते माप घेऊन तांदळाच्या पिंपाकडे वळले, तेव्हा सासूबाई पिंपापुढे उभ्या होत्या.

तांदळाला हात लावायचा अधिकार घरात फक्त त्यांना आहे. मला या घरात येऊन एवढी वर्षं झाली, तरी मी अजून उमेदवारी करतेय. त्यांनी माप काढून घेतलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, तू मोज, मी ओतते. पिंप जिन्यावरून खाली नेलं. सासूबाई स्टुलावर बसून माप भरून ओतत होत्या आणि भाऊजी त्यांच्याकडे पाठ करून भिंतीवर खडूने रेघा मारत होते. वर्षभराचे तांदूळ टायरवाल्याच्या खोक्यात गेले आणि परत पिंपात आले. मी ते दोनदा चाळले. त्याबद्दल या स्पर्धेत बक्षीस नव्हतं.

रविवारी सासूबाई आणि मी मैदानावर गेलो, कानांत कापूस घालून. आवाजाची स्पर्धा म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गाडी आणून उभी करतात. आत मीटरचा माइक काचेला चिकटवतात. माणसं बाहेर काढतात, दारं बंद करतात, आणि ती उघडू नयेत म्हणून चारी बाजूंनी चार धडधाकट लोक अंगाने दाबून धरतात. मग आत कुणीही नसताना आवाज सोडतात. गाणं नाही. सगळ्यांना ठरवून दिलेला एकच सूर, हूं असा, लांबलचक. पाटीवर आकडा उमटतो. आकडा मोठा असला की टाळ्या. कुणाचा बाहेरचा आरसा गळून पडला तर जास्त टाळ्या.

सासूबाईंनी बरीच वाट पाहिली. मग मला कोपराने ढोसून विचारलं, "गाणं कधी लागणार?"

मी म्हटलं, लागणार नाही. त्या म्हणाल्या, मग हे लोक जमलेत कशाला? याचं उत्तर परीक्षकांकडेही असेल असं मला वाटलं नाही.

टायरवाल्याची गाडी आली. मागची सीट काढून टाकलेली, बॅटऱ्या वाढवलेल्या, काचेवर स्वतःच्या दुकानाचं नाव. चौघांनी दारं दाबली. हूं झालं. पाटीवरचा आकडा पाहून दारं दाबणाऱ्यांपैकी एकाने अंग काढून घेतलं आणि कपडे झटकले, म्हणजे विचार करा. गाडी सगळ्यांत शेवटची आली असती, पण आधीच्या एका गाडीची पुढची काच तडकली म्हणून ती बाद झाली, आणि टायरवाला रडतखडत पुढच्या रविवारच्या शेवटच्या फेरीत शिरला. शोरूमचे मालक भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून, पुढच्या रविवारी बघू, असं म्हणाले. हात अशा रीतीने ठेवला की जणू खांदा उसना घेतलाय.

आम्ही दोघी बसने आलो. भाऊजी टायरवाल्याबरोबर गाडीतून आले. त्या प्रवासात काय झालं ते त्यांनी मला संध्याकाळी जिन्यात बसून सांगितलं. टायरवाला रागाने काही बोलेना. बोलायला लागू नये म्हणून त्याने एक गाणं लावलं. थोडा रस्ता गेल्यावर त्याने आवाज कमी केला, मग वाढवला, मग गाडी कडेला घेऊन थांबवली.

"बॉक्सवाले," तो म्हणाला, "हे काय करून ठेवलंत? मला गाण्याचे शब्द ऐकू यायला लागलेत."

भाऊजी हे सांगताना हसत होते. मग हसायचे थांबले. म्हणाले, गाण्याच्या तळाशी एक वाद्य असतं वहिनी, ते एका सुरावरून दुसऱ्यावर पाय टाकत चालतं. गाडीत ते कधी ऐकू येत नाही. गाडीत नुसतं कुणीतरी दार ठोकल्यासारखं येतं. आज ते चालताना ऐकू आलं, प्रत्येक पाऊल वेगळं. आजवर केलेलं हे सर्वांत चांगलं खोकं आहे, आणि ते चुकून झालंय, आणि कशामुळे ते मला कळत नाही.

कळायला सोमवारची दुपार लागली. भाऊजी माप पुन्हा पाण्याने तपासायला वर आले होते. सासूबाई स्वयंपाकासाठी तांदूळ काढत होत्या. त्यांनी माप पिंपात खुपसलं, वर काढलं, ओंजळीने वर आणखी रचलं, वर टोक येईपर्यंत. चार दाणे ओघळून खाली पडले. भाऊजी ते दाणे पाहत राहिले.

"आई, खोक्यात ओततानाही असंच घेतलंस?"

"मग कसं घेणार?"

"कडेपर्यंत. सपाट."

सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी घरात चप्पल घातली आहे. "सपाट माप मी आयुष्यात कुणाला दिलं नाही," त्या म्हणाल्या. "पोटच्या पोराला देऊ?"

पाण्याला शीग येत नाही, तांदळाला येते. एवढी साधी गोष्ट. भाऊजींनी माप पाण्याने ठरवलं, थेंबाथेंबाचा हिशेब केला, आणि भरायला दिलं आईच्या हातात. प्रत्येक मापामागे वरचा ढीग जास्तीचा. खोकं त्यांना वाटलं त्यापेक्षा बरंच मोठं निघालं, आणि नळी मात्र लहान खोक्याच्या हिशेबाने, म्हणजे लांब, कापलेली; खोकं लहान तेवढी नळी लांब लागते. त्यामुळे खोक्याचा लाडका सूर घसरून पार तळाला जाऊन बसला. स्पर्धेच्या सुरावर ते खोकं ओरडायला तयार नव्हतं. ते आपलं खाली बसून गात होतं.

उपाय अगदी सोपा होता, हीच पंचाईत. नळी चार बोटं कापायची. तासाभराचं काम. सूर वर सरकणार, मीटर खूष, टायरवाला खूष, शोरूम खूष, आमचे हे पत्र्याची शेड घालायला मोकळे. भाऊजींनी हे सगळं एका दमात सांगितलं, आजाऱ्याचा रिपोर्ट वाचून दाखवावा तसं.

मी म्हटलं, कापू नका. टायरवाल्या शेठना समजावून सांगा.

"कुणाला सांगू?" ते म्हणाले. "मीटरला कान नाहीत आणि शेठला शब्द नकोत."

मग मी ह्यांच्याशी बोलून पाहिलं. म्हटलं, एकदा त्या गाडीत बसून या, तुमच्या भावाने काय केलंय ते ऐका. हे म्हणाले, हरलेली गाडी ना ती? आणि तिसऱ्यांदा टेप घेऊन खाली गेले. या वेळी त्यांनी भाऊजींच्या करवतीचीही लांबी-रुंदी घेतली. विकताना लागते.

इथे मला लिहायला आवडलं असतं, की भाऊजी ताठ उभे राहिले, कलेशी तडजोड करणार नाही म्हणाले, आणि करवत घेऊन बाहेर पडले. तसं काही झालं नाही. ते शहाणे आहेत. त्या टेबलाशी बसून त्यांना फायली लावता येणार नाहीत हे त्यांना माहीत आहे, आणि गॅरेज सुटलं तर बंद खोकं, नळीचं खोकं, कुठलंच खोकं होणार नाही हेही माहीत आहे. त्यांनी टायरवाल्याला फोन केला. चूक सापडली, गाडी आणून द्या, दुरुस्त करून देतो, असं सांगितलं. टायरवाला फोनवर इतका आनंदला की मला जिन्यात ऐकू आलं. आपल्या गाडीतलं गाणं जाणार, या बातमीने एवढा खूष झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो गाडी सोडून, किल्ली भाऊजींच्या हातात कोंबून दुकान उघडायला गेला. जाताना वर पाहून मला म्हणाला, वहिनी, रविवारी या, काचा फुटतील बघा. मी म्हटलं, आमच्याकडे थाळ्या आहेत, त्यांना वेळ मिळाला तर येऊ.

मग मी माझ्या कामाला लागले. सासूबाई कुठे दिसत नव्हत्या, पिंपाजवळही नाही. मिक्सरमध्ये मसाला होता, अर्धा वाटून झालेला. मांडणीवरच्या थाळ्या गप्प होत्या. इतक्या गप्प, की मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मिक्सर पुन्हा सुरू केला, बंद केला, आणि मागच्या दारावरची टकटक ऐकू आली.

भाऊजी दारात उभे होते. आंघोळ केलेली, केसांत भुशाचा कण नाही, धुतलेला शर्ट. एका हातात टायरवाल्याची किल्ली. दुसऱ्या हातात लहान करवत.

"कापायला निघालात?" मी विचारलं.

"हो," ते म्हणाले. "कापतो आता."

पण निघाले नाहीत. त्यांनी करवत उंबऱ्याशी भिंतीला टेकवून ठेवली, माझ्या खांद्यावरून मिक्सरकडे पाहिलं, आणि ज्या माणसाने इतकी वर्षं या घराला टेस्टिंग ऐकवलं तो अगदी हळू आवाजात बोलला.

"आईला पुढच्या सीटवर बसवलंय. वहिनी, एक गाणं संपेपर्यंत मिक्सर बंद ठेवाल?"